लोखंडबंदीचा माळ

सप्टेंबर १९४८ मध्ये, हिंदी फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे पुढे गेल्यानंतरच्या आठवड्यात, आमच्या माळाच्या राखणदाराला ठार मारण्यात आलं. वेळ सकाळची होती. हत्यार लाकडी होतं. ते बाभळीचं बी टोकण्यासाठी बनवलेलं होतं.

माळ आमच्या घरच्या मालकीचा होता. नळदुर्ग आणि अणदूर यांच्यामधल्या पट्ट्यात, गावाच्या दक्षिणेला, रस्त्यापासून थोडा आत. महायुद्ध सुरू होईपर्यंत त्यावर खैर, धावडा, हिवर, बाभूळ, बोर आणि आपटा अशी झाडं होती. दाट जंगल म्हणता येणार नाही, पण उन्हाळ्यात जनावरं सावलीला उभी राहत. युद्धात पेट्रोल मिळेनासं झालं, मोटारी लाकडी कोळशाच्या वायूवर चालू लागल्या आणि सोलापूरच्या बाजारात कोळशाची मागणी वाढली. वडिलांनी माळ एका ठेकेदाराला तोडीला दिला. दोन हिवाळे भट्ट्या जळत होत्या. खोडं संपल्यावर ठेकेदाराच्या माणसांनी काही ठिकाणी खुंटही उकरून काढले. तोड संपली त्याच वर्षी वडील तापानं वारले.

पुढच्या पावसाळ्यात माळ खाली आला. भाद्रपदातल्या एका दुपारी जोराचा पाऊस झाला. मुरूम आणि दगड वाहत येऊन आमच्या मळ्यात पसरले, विहीर बुजली, आणि विहिरीजवळ बांधलेली बैलजोडी त्याखाली गेली. संध्याकाळी मी तिथं गेलो तेव्हा एका बैलाची शिंगं वर दिसत होती. दुसरा ओघळीत खूप खाली सापडला. त्याचे पाय मोडून पाठीखाली गेले होते.

आईनं माळ पुन्हा उभा करायचं ठरवलं ते या दिवसानंतर. तिचं माहेर कर्नाटकाच्या बाजूचं. आमच्या घरात तिला अव्वा म्हणत आणि त्यामुळं सगळं गावही अव्वाच म्हणे. राखणीसाठी तिनं जो माणूस बोलावला तो ठेकेदाराच्या भट्टीवर तोडीला होता. पन्नाशीचा मुसलमान, बायको वारलेली, एकुलती एक मुलगी नळदुर्गला दिलेली. गाव त्याला चाचा म्हणे.

तो आमच्या ओसरीवर आला तेव्हा मी तिथं होतो. माझं वय तेव्हा विशीच्या आत-बाहेर.

"अव्वा, हा माळ म्याच बोडका केला," तो म्हणाला. "लोक हसतील तुमाला."

"हसू द्या. कुठला खुंट कुठं हाय, तुमाला ठावं हाय ना?"

"हौ. समदे."

"मंग तोडलं तुमीच, आता राखा बी तुमीच."

काम असं होतं. जे खुंट जमिनीत राहिले होते त्यांना पावसानंतर चहूबाजूंनी धुमारे फुटत. त्यातले दोन ठेवून बाकीचे कोवळे असतानाच हातानं मोडायचे, म्हणजे ठेवलेल्यांना जोर येतो. जिथं खुंट उकरले होते तिथं बी टोकायचं. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात शेळ्यांना घालायच्या. शेळ्या रवंथ करताना बिया थुंकतात, त्या आई सकाळी गोठ्यात झाडून गोळा करी. शेळीच्या तोंडातून आलेलं बी लवकर रुजतं, साधं बी वर्ष वर्ष पडून राहतं. ओघळीत आडवे दगडी बांध घालायचे, बांधामागं माती साचली की तिथं बोर आणि हिवर टोकायचे. प्रत्येक खड्ड्यावर वाळक्या काट्यांचा ढीग. त्या ढिगातूनच रोप वर येई.

बी काढायला शेळ्या लागत आणि रोपं खायलाही शेळ्याच येत. पहिल्या वर्षी टोकलेलं निम्मंअधिक शेजारच्या वाडीच्या कळपानं खाल्लं. शेळ्या राखणारा काटे बाजूला करून जनावरं आत घाली आणि हातातल्या कुऱ्हाडीनं नवे धुमारे तोडून त्यांच्यापुढं टाकी. चाचानं त्याला अडवलं. भांडण झालं. शेळ्यावाल्यानं घातलेला घाव चाचानं डाव्या हातावर घेतला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तुटून पडलं. तुटलेली बोटं त्यानं उचलून मुंडाशाच्या टोकात बांधली आणि तो चालत आमच्या घरी आला. आईनं चुलीतली राख आणि हळद लावून हात बांधला. बोटं त्यानं स्वतः माळावर पुरली.

"जागा सांगत न्हाय," तो मला म्हणाला. "तिथं बी टोकशील तू."

निजामी पोलिसांचा जमादार येऊन गेला. त्यानं शेळ्यावाल्याला दटावलं आणि त्याच्याकडची एक शेळी घेऊन गेला. तो चाचापर्यंत गेलाच नाही.

आई त्यानंतर अणदूरला गेली. खंडोबाच्या देवळातल्या एका म्हाताऱ्या वाघ्याला तिनं गाडीत घालून आणलं. त्यानं माळाच्या कडेनं फिरून दगड निवडले, प्रत्येकाला तेल आणि भंडारा लावला. पिवळ्या दगडांची ओळ माळाला वेढून राहिली. मग तो सावलीला टेकला आणि काय बंदी घालायची ते विचारू लागला.

"कुऱ्हाडीची घाला," आई म्हणाली.

"कुऱ्हाड म्हनलं तर इळा आनतील, अव्वा. इळा म्हनलं तर खुरपं. खुरपं म्हनलं तर सुरी. मानूस लई वंगाळ जात हाय. लोखंडच म्हना."

"चालंल."

"बगा हं. तुमाला बी लागू."

अशी ती बंदी ठरली. पिवळ्या दगडांच्या आत लोखंड न्यायचं नाही. कुणी नेलं तर देव त्याचं घर बुडवील, असं वाघ्यानं गावात फिरून सांगितलं आणि गावानं ते मान्य केलं. आमच्या भागात अशा गोष्टीवर वाद होत नसे. आई माळावर जाताना कमरेच्या किल्ल्या दगडांबाहेरच्या चाचाच्या खोपीत ठेवी. चाचा चकमक बाहेर ठेवी आणि त्यामुळं त्याची बिडी खोपीतच ओढून व्हायची. गावच्या चांभारानं त्याला खिळा न मारता नुसत्या वादीनं शिवलेल्या वहाणा करून दिल्या, कारण एरवीच्या पायताणाला टाचेत खिळे असत. लोकांना यात गंमत वाटे. सोयरे आले की गावचे लोक त्यांना मुद्दाम माळाकडं नेत आणि दगडाशी उभं करून म्हणत, "पावणं, धोतरात सुई बिई न्हाय ना? देव जागा हाय हितला."

शेळ्यावाला त्यानंतर दगडांच्या आत आला नाही. त्याचा कळप मात्र कधी कधी येई, आणि तो बाहेर उभा राहून दगड मारून शेळ्या परत बोलावी.

लोखंडी पहार चालणार नव्हती, म्हणून लाकडी पहारी लागल्या. गावात सुतारांचं एकच घर होतं, दोघे भाऊ. थोरल्यानं धावड्याच्या सरळ दांड्या घेऊन त्यांना टोक काढलं, टोक निखाऱ्यावर भाजून घासलं, पुन्हा भाजलं. मुरमात ती टोकं लोखंडाइतकी नाही, पण कामापुरती टिकत. बोथट झाली की चाचा पहार घेऊन सुताराच्या अंगणात जाई. दोन्ही भावांशी त्याचं बसणं-उठणं होतं. धाकटा त्याला चिडवी, "चाचा, तुमाला जावई गावला पर लोखंड गावंना." जावई नळदुर्गच्या किल्ल्याजवळ सायकली दुरुस्त करी, दिवसभर लोखंडातच.

१९४७ चा पावसाळा संपला तेव्हा माळाच्या खालच्या अर्ध्या भागात खैर आणि बाभूळ माणसाच्या डोक्यावर गेली होती. ओघळीच्या बांधांमागं हिवराची जाळी झाली होती. वाकून गेलेला माणूस बाहेरून दिसत नसे. विहीर आम्ही उपसून पुन्हा खणली होती आणि त्या वर्षी तिच्यात होळीपर्यंत पाणी राहिलं.

त्या वर्षापासून निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या लॉऱ्यांतून गावोगाव येऊ लागल्या. आमच्या गावात त्यांना संघटनेच्या नावानं कुणी ओळखत नसे, लॉरीवाले म्हणत. चाचाचा जावई सायकलींचं दुकान बंद करून त्यांच्याबरोबर गेला. ही गोष्ट गावाला ठाऊक होती. चाचानं ती लपवली नाही. "माझा न्हाय त्यो, पोरीचा हाय," एवढंच तो म्हणे.

१९४८ च्या उन्हाळ्यात लॉरीवाले आमच्या गावात आले. रस्त्यावर धूळ दिसल्यावर बायका, पोरं आणि बरेच पुरुष माळाकडं पळाले आणि हिवराच्या जाळीत शिरले. आई आणि मी त्यांच्यात होतो. चाचा घागर घेऊन गावच्या आडावर गेलेला होता, तो परत आला नाही.

आम्ही काट्यांच्या फटीतून खाली पाहत होतो. दोन घरं पेटली. चावडीपुढं धान्याची पोती लॉरीत चढली. त्यानंतर लॉरीवाल्यांचा एक गट सुतारांच्या गल्लीत शिरला आणि त्यांच्या पुढं चाचा चालत होता. हे मी पाहिलं. त्याच्या कमरेला दोर बांधला होता असं काहींनी नंतर सांगितलं. नव्हता असंही काहींनी सांगितलं. तेवढ्या अंतरावरून दोर दिसत नव्हता.

सुताराच्या घरात भाल्यांचे दांडे सापडले. थोरला सुतार ते रात्रीचे करून सरहद्दीवरच्या निजामविरोधी छावण्यांना पोचवत होता. त्याला चावडीच्या भिंतीशी उभं केलं. त्याच्या शेजारी तेल्याच्या घरी आलेला एक पाहुणा उभा केला, ज्याचा या कशाशीही संबंध नव्हता. दोघांना गोळ्या घातल्या. पाहुणा लगेच मेला. सुताराच्या पोटात गोळी होती. धाकटा भाऊ आमच्याबरोबर जाळीत होता. तो उठायला लागला तेव्हा चौघांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं आणि एकानं त्याच्या तोंडात मुंडासं कोंबलं. लॉऱ्या गेल्यावर त्याला सोडलं. तो खाली पोचला तेव्हा थोरला जिवंत होता आणि दिवस मावळेपर्यंत जिवंत राहिला.

चाचा संध्याकाळी माळावर आला. त्याचा ओठ फाटला होता आणि पुढचे दात गेले होते. आईनं त्याला पाणी दिलं आणि विचारलं,

"भाई, घर दावलं का तुमी?"

"पानी पाजवलं त्यास्नी. रस्ता इचारला. सांगितला."

"कोनाच्या घराचा?"

तो पाण्याबरोबर रक्त थुंकला आणि खोपीत जाऊन पडला. दांडे त्याला माहीत होते का, घर त्यानं दाखवलं का, मारहाण झाल्यावर दाखवलं की आधी, यांपैकी काहीही मला पुढं कधी कळलं नाही. मी बऱ्याच लोकांना विचारलं.

लॉरीवाले दगडांच्या आत आले नाहीत. जाळीत लपलेल्यांपैकी कुणाला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. गावानं याचं श्रेय देवाला दिलं आणि पुढच्या रविवारी दगडांना नवा भंडारा लावला.

सप्टेंबरात फौजा आल्या आणि पुढं गेल्या. त्यानंतर आमच्या भागात उलट दिशेनं मारामाऱ्या सुरू झाल्या. गावात मुसलमानांची थोडी घरं होती. त्यातली बहुतेक रिकामी झाली. एका घरातले म्हातारा-म्हातारी मागं राहिले होते, त्यांना घरासकट जाळलं. मशिदीत दिवा लावणारा माणूस विहिरीत सापडला.

ही बातमी माळावर पोचली तेव्हा चाचानं पळून जायची तयारी केली. कांबळं गुंडाळलं, भाकरी बांधली. आईनं त्याला अडवलं.

"रस्त्यावर गाठतील. दगडाच्या आत ऱ्हावा. लोखंड आत येत न्हाय."

"नक्को अव्वा. मानसं पिसाळलीत."

"पिसाळली तरी देवाला भेतात."

त्यानं बांधलेली भाकरी सोडली. मग कांबळं खोपीत ठेवून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले लोक आले. चाळीस-पन्नास असावेत. कुऱ्हाडी, कोयते, विळे, लोखंडी शेंब्या मारलेल्या काठ्या. धाकटा सुतार पुढं होता. त्याच्या हातात वाकस होता, सुतार लाकूड तासतात तो. आई खोपीपुढं उभी होती. मी तिच्या शेजारी होतो.

"अव्वा, चाचा कुठं हाय?" सुतारानं विचारलं.

"आत."

लोकांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. मागचे पुढच्यांना विचारू लागले, काय म्हणाली म्हणून.

"मंग काढा त्याला भाईर."

"मी न्हाय काढनार. तुमाला जायचं तर जावा. लोखंड हितं ठिवा."

कुणीतरी हसलं. पण ओळ दगडांशी थांबली होती. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं, जो उन्हाळ्यात आपल्या नातवांना घेऊन जाळीत बसला होता, आपली कुऱ्हाड खाली ठेवली. "अव्वा म्हंती ते खरं हाय," तो म्हणाला. "देवाशी दगलबाजी नको." मग एकेकानं हत्यारं ठेवली. काठ्या ज्यांच्याकडं होत्या त्यांनी शेंब्या दगडावर ठोकून काढल्या. सुतारानं वाकस शेवटी ठेवला.

ते आत पाऊल टाकणार तेवढ्यात आई म्हणाली, "पायतान."

"काय?"

"खिळं हाईत टाचंत."

लोक आपापल्या पायांकडं पाहू लागले. दगडांपलीकडं पावसाळ्यात वाढलेलं गवत होतं आणि गवतात पाच वर्षांचे काटे. प्रत्येक खड्ड्यावर घातलेले ढीग, बाभळीचे, बोरीचे, हेकळीचे. ते तिथून कधी कुणी उचलले नव्हते.

"आता धोतर बी सोडाय लावती काय ही बाई?" मागून कुणीतरी म्हणालं.

"सोड की. तुझं बगून चाचा आपसूक भाईर यील."

यावर बरेच जण हसले. काहींनी पायताणं काढली आणि आत गेले. पहिल्याच चढावर त्यांतले दोघं खाली बसून पायातला काटा काढू लागले. उरलेले परत फिरले. एकाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडून राहिला होता आणि तो शिव्या देत होता, आधी चाचाला, मग आईला, मग वाघ्याला.

मग एकानं चिंध्यांचा पलिता रॉकेलमध्ये बुडवून आत फेकला. त्याचं म्हणणं, आगीत लोखंड नसतं. म्हाताऱ्यानं त्याला हरकत घेतली नाही. कडेचे वाळके काटे पावसानं भिजलेले होते. त्यांनी धूर केला. मागची बाभूळ हिरवी होती, ती पेटली नाही. आणखी दोन पलिते फेकून झाल्यावर रॉकेल संपलं.

ऊन वर आलं. आईनं खोपीतून पाण्याची घागर बाहेर आणली आणि ठेवली. कुणाला पी म्हणाली नाही. थोड्या वेळानं एक जण प्याला, मग बाकीचे. शेतं खोळंबली होती. काही जण हत्यारांच्या ढिगातून आपलं आपलं शोधू लागले. कोयत्यावरून दोघांत तंटा झाला, दोघंही तो आपला म्हणत होते. निम्मी माणसं उतरून गावाकडं निघाली. मला तेव्हा वाटलं की संपलं.

धाकट्या सुतारानं पाणी घेतलं नव्हतं. तो खोपीच्या कुडाला टेकून बसला होता. कुडाशी लाकडी पहारी उभ्या होत्या. त्यानं एक उचलली, टोकावर अंगठा फिरवला, दांडी उलटून तिचा माथा पाहिला.

"ही माज्या भावानं केली."

"व्हय," आई म्हणाली.

"हिच्यात लोखंड न्हाय."

त्यानं पायताण काढलं आणि तो उठला. आईनं पहारीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं. "बेड रे," ती म्हणाली. बेड म्हणजे नको. घाईत तिला कानडीच येई. "बेड, बेड."

"अव्वा, सोडा. तुमाला हात लावायचा न्हाय मला."

"तुझ्या भावानं झाडासाठी केलीय ती."

"माजा भाऊ दिस मावळंपतूर वरडत हुता. सोडा."

त्यानं हिसका दिला. पहारीचं टोक तिच्या तळहातातून ओढलं गेलं आणि हात मनगटापर्यंत फाटला. मी पुढं झालो तेव्हा दोघांनी मला मागून धरलं आणि एकानं गुडघ्यामागं लाथ मारून खाली बसवलं. सुतार पिवळ्या दगडांवरून आत गेला. तो काटे चुकवत नव्हता. त्याच्या मागं कुणी गेलं नाही.

थोड्या वेळानं आतून चाचाचा आवाज आला. मला आवाज ऐकू आला, शब्द कळले नाहीत. दगडांच्या जवळ उभ्या असलेल्यांना मी नंतर वेगवेगळं गाठून विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. चाचा म्हणाला, "पायाखाली बग. रोपं हाईत."

त्यानंतर मार ऐकू आला. मुरमावर पडल्यासारखा आवाज, आणि मधूनमधून ओल्या लाकडावर पडल्यासारखा. चाचा एकदा ओरडला. मार त्यानंतरही बराच वेळ चालू होता.

सुतार बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही पायांतून रक्त वाहत होतं आणि हात मोकळे होते. सदऱ्यावर छातीपर्यंत शिंतोडे होते. त्यानं घागरीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं, वाकस घेतला, पायताण हातात घेतलं आणि तो खाली उतरला. बाकीच्यांनीही आपापली हत्यारं उचलली. कुऱ्हाड आधी ठेवणारा म्हातारा तेवढा मागं राहिला.

आईनं कमरेच्या किल्ल्या खोपीत ठेवल्या. आम्ही आत गेलो.

चाचा ओघळीतल्या वरच्या बांधाशी पडला होता. कपाळ आणि डावा गाल आत गेला होता. गळ्याखाली पहारीचं टोक शिरलं होतं आणि मोडून आत राहिलं होतं. उजवा हात कोपराखाली मोडला होता. डावा, दोन बोटं नसलेला, बांधाच्या दगडांवर होता. वहाणा पायांत होत्या. मोडकी पहार शेजारी पडली होती. बांधामागं त्या वर्षी टोकलेली हिवराची रोपं होती. त्यातली काही तुडवली गेली होती.

त्याला कबरस्तानात नेणं शक्य नव्हतं. वाट गावातून जात होती. नळदुर्गला मुलीकडं माणूस पाठवला. तिच्या घराला कुलूप होतं आणि गल्लीत कुणी नव्हतं. आईनं ठरवलं की दगडांच्या आतच पुरायचं. आत लोखंड न्यायचं नव्हतं, म्हणून खड्डा उरलेल्या लाकडी पहारींनी खणला. मी आणि तो म्हातारा खणत होतो आणि आई फाटलेला हात पदरात गुंडाळून दुसऱ्या हातानं मुरूम उपसत होती. खाली कठीण थर लागला. पहारींची टोकं गेली. खड्डा गुडघाभर झाला, त्याहून खोल झाला नाही. तोंड कुठल्या दिशेला करायचं ते म्हाताऱ्याला माहीत होतं. प्रार्थना आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती. वर दगड रचले आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या काट्यांचा ढीग घातला.

काही दिवसांनी फौजेची एक तुकडी चौकशीला आली. गावानं सांगितलं की मारेकरी बाहेरचे होते. मी जे पाहिलं ते हवालदाराला सांगितलं. त्यानं हत्यार मागितलं. मी मोडकी पहार दाखवली. त्यानं ती हातात घेऊन पाहिली, "ये तो खेती की लकडी है," म्हणाला, आणि परत दिली. खटला झाला नाही. त्या वर्षाअखेर मी सोलापूरला एका वर्तमानपत्राच्या कचेरीत कामाला लागलो. ही बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात छापून आलेली माझ्या पाहण्यात नाही.

आईचा हात भरून आला, पण मूठ पुन्हा वळली नाही. त्या हिवाळ्यात माळावर राखणदार नव्हता. शेळ्या आल्या नाहीत. लोखंडही आलं नाही.

१९४९ च्या उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, मी रजेवर घरी होतो. सकाळी धाकटा सुतार आमच्या अंगणात आला. तो लंगडत होता. त्याच्या खांद्यावर धावड्याची नवी पहार होती, टोक भाजून घासलेलं. त्यानं ती भिंतीला टेकवली.

"जुन्या संपल्या आसतील," तो म्हणाला.

आई शेळ्यांच्या गोठ्यात होती, बिया झाडत. तिनं मान वर केली. तो गेल्यावर तिनं पहार उचलून आत ठेवली.

जूनमध्ये माळाच्या पश्चिम कडेला बाभळीचं बी टोकलं गेलं. त्या वर्षी खोपीत तेवढी एकच पहार होती.